शाळेच्या हॉलात उभी राहिलेली रंगभूमी

प्रस्तावना

१९६७ साली विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगमंचावर आले. १९७२ च्या डिसेंबरात पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. १९७४ मध्ये सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ आले, १९७९ मध्ये ‘बेगम बर्वे’. याच काळात चिं. त्र्यं. खानोलकर, महेश एलकुंचवार, गो. पु. देशपांडे, अच्युत वझे, रत्नाकर मतकरी लिहीत होते. विजया मेहता, अरविंद देशपांडे, सत्यदेव दुबे, जब्बार पटेल, अमोल पालेकर नाटके बसवत होते. एका भाषेच्या रंगभूमीवर बारा-तेरा वर्षांत एवढे काही घडले.

ते कसे घडले, या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे आहेत. एक, तो काळच तसा होता. दुसरे, ती माणसेच तेवढ्या ताकदीची होती. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही उत्तरे आपल्याला हात बांधून बसवतात. काळ परत आणता येत नाही आणि तेंडुलकर मागणी करून जन्माला येत नाहीत. मग पुढच्या पिढीने काय करायचे? वाट पाहायची?

या प्रस्तावनेत मला वेगळी बाजू मांडायची आहे. गुणी माणसे प्रत्येक पिढीत, प्रत्येक जिल्ह्यात असतात. त्यांतली बहुतेक एकेकटी राहतात, दोन-चार वर्षे धडपडतात आणि संसाराला लागतात. क्वचित कुठेतरी ती एकमेकांना वेळेवर भेटतात, पुन्हा पुन्हा भेटतात, एकमेकांचे काम पाहतात, त्यावर भांडतात आणि त्या भांडणातून पुढचे काम करतात. तेव्हा प्रत्येकाची कुवत वाढते. ज्याला आपण चळवळ म्हणतो, ती ही भेट टिकवून धरणारी व्यवस्था असते. या व्यवस्थेचे घटक फार साधे असतात: परवडणारी जागा, ठरलेला वार, येण्या-जाण्याची सोय, जाणते प्रेक्षक आणि या सगळ्याची काळजी वाहणारी दोन-तीन माणसे. मराठी प्रायोगिक रंगभूमीचा इतिहास या दृष्टीने पाहिला, तर त्यात आजही करता येण्याजोग्या कितीतरी गोष्टी सापडतात.

सुरुवात ‘रंगायन’पासून करण्याची पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे, पण रंगायनच्या मागेही एक वाट होती. बोलपट आल्यावर नाटक कंपन्या एकेक करून बंद पडल्या, तेव्हा डॉ. अ. ना. भालेराव यांनी गिरगावातल्या मुंबई मराठी साहित्य संघातून नाट्यमहोत्सवांची परंपरा उभी केली. पन्नासच्या दशकात सरकारने नाट्यस्पर्धा सुरू केली आणि गावोगावच्या हौशी मंडळांना दरवर्षी एक नवे नाटक बसवायचे निमित्त मिळाले. कुणी बँकेतला, कुणी कचेरीतला, कुणी शाळेतला. पण वर्षातून एकदा तोंडाला रंग लावायची आणि तीन परीक्षकांसमोर उभे राहायची सवय महाराष्ट्रभर लागली. या पायाशिवाय पुढचे काहीच उभे राहिले नसते.

१९६० मध्ये विजया मेहता, तेंडुलकर, अरविंद देशपांडे आणि त्यांच्या सोबत्यांनी रंगायन सुरू केली. रंगायनला आसरा मिळाला तो वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये. या वास्तूचे वैशिष्ट्य असे, की एकाच छपराखाली वेगवेगळ्या कलांची माणसे काम करत. हुसेन, गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकारांना तिथे कामाला जागा होती, रविशंकरांची ‘किन्नर’ ही संगीतसंस्था तिथे होती, इब्राहिम अल्काझींचे ‘थिएटर युनिट’ होते. तालमीला आलेल्या नटाला जिन्यात चित्रकार भेटायचा, नाटकवाल्याच्या कानावर सतारीचे सूर पडायचे. आयनेस्कोचे ‘चेअर्स’ मराठीत करावे, खानोलकरांच्या ‘एक शून्य बाजीराव’सारखी अवघड संहिता हाती घ्यावी, हे धाडस रंगायनने केले. त्यामागे विजयाबाईंची दृष्टी होती हे खरेच, पण आपल्या शेजारच्या खोलीतही कुणीतरी नवे करून पाहत आहे, ही जाणीवही धाडस वाढवत असते. वेगळ्या कलेचा शेजार हा चळवळीच्या घडणीतला पहिला, आणि फार कमी बोलला गेलेला, घटक आहे.

दुसरा घटक मुदतीचा. ‘शांतता!’च्या जन्माची हकीकत प्रसिद्ध आहे. विलेपार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला निघालेल्या हौशी मंडळींच्या गप्पा तेंडुलकरांच्या कानावर पडल्या आणि त्यातून नाटकाचे बीज मिळाले. पण ते बीज वहीत पडून राहिले नाही, कारण रंगायनला राज्य नाट्य स्पर्धेसाठी नवे नाटक हवे होते. तारीख ठरलेली होती, नट ठरलेले होते, दिग्दर्शक अरविंद देशपांडे थांबले होते आणि नायिका लीला बेणारे व्हायला सुलभा देशपांडे होत्या. लेखकाला हे कळणे फार मोलाचे असते, की आपण लिहिलेले पान कुणाच्या तरी हातात ताबडतोब जाणार आहे. कपाटासाठी लिहिणारा लेखक आणि तालमीसाठी लिहिणारा लेखक यांच्या लिहिण्यात फरक पडतोच. भारतीय रंगभूमीवरचे एक मोठे नाटक एका सरकारी स्पर्धेच्या तारखेमुळे वेळेत पूर्ण झाले, हे स्पर्धांना नाके मुरडणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

सुमारे दहा वर्षांत रंगायनमध्ये मतभेद झाले आणि मंडळी वेगळी झाली. त्या वेळी अनेकांना तो शेवट वाटला असेल. प्रत्यक्षात १९७१ मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे व अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ स्थापन केली आणि पहिलेच नाटक गिरीश कार्नाडांचे ‘तुघलक’ केले. मराठी रूप तेंडुलकरांचे, तुघलकाच्या भूमिकेत अरुण सरनाईक. रंगायनमध्ये शिकलेली शिस्त, वाचनाची सवय, संहितेचा आदर हे सारे ही माणसे बरोबर घेऊन आली होती. विरजणाच्या एका चमच्याने दुसऱ्या भांड्यातले दूध विरजावे, तसे एका संस्थेतून निघालेल्या तीन-चार माणसांनी दुसरी संस्था उभी केली. संस्था फुटली म्हणून चळवळ संपली असे समजू नये. माणसे कामातून बाहेर गेली तर ती संपते; एका कामातून दुसऱ्या कामात गेली तर ती पसरते.

आता छबिलदासकडे येऊ, कारण या सगळ्या कहाणीचा कणा तिथे आहे.

दादरच्या छबिलदास शाळेत सुलभा देशपांडे शिक्षिका होत्या. १९७४ पासून आविष्कारने त्या शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलात प्रयोग सुरू केले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ते चालले. व्यावसायिक नाट्यगृहातला रंगमंच, पडदा, विंगा यांची सोय तिथे नव्हती. दिवसा शाळा भरायची. संध्याकाळी लेव्हल्स लावायच्या, खुर्च्या मांडायच्या, चार स्पॉट टांगायचे आणि प्रयोग संपला की सगळे आवरून हॉल शाळेला परत करायचा. आजच्या भाषेत सांगायचे तर सुविधा जवळजवळ शून्य. तरीही मराठी रंगभूमीच्या इतिहासात एका पर्वाला या हॉलाचे नाव मिळाले. याची कारणे नीट मांडायला हवीत.

पहिले कारण पैशाचे. मोठे नाट्यगृह घेतले की भाडे, जाहिरात, नेपथ्याचा टेंपो, रंगमंच कामगार असा खर्च सुरू होतो आणि तो भरून काढायला प्रेक्षागृह भरावेच लागते. भरावे लागते म्हणजे रुचेल ते द्यावे लागते. छबिलदासचा खर्च थोडका होता, म्हणून थोडे प्रेक्षक पुरत. नाटक पडले तरी संस्था बुडत नसे, कुणाचे घर गहाण पडत नसे. पडण्याची किंमत कमी असली की माणसे उंच उडी मारून पाहतात. नव्या कामाला मदत करायची तर अपयश स्वस्त करावे लागते, हा छबिलदासचा सर्वांत मोठा धडा आहे.

दुसरे कारण जागेचे. दादरला पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेमार्गांवरच्या गाड्या थांबतात. बोरिवलीचा नट, डोंबिवलीचा प्रकाशयोजनाकार, ठाण्याची प्रेक्षक आणि फोर्टातल्या कचेरीतून सुटलेला लेखक या सर्वांना ते सोयीचे होते. शेवटची लोकल पकडून घरी जाता येई. आणि ही मंडळी नोकरदार होती. अमोल पालेकर बँकेत, अमरीश पुरी कामगार विमा योजनेच्या कार्यालयात, तेंडुलकर वृत्तपत्रात. पोट नोकरीवर चालत होते, म्हणून नाटकाला पोटासाठी वाकावे लागले नाही. संध्याकाळी ठरल्या वेळी सुटणारी कचेरी आणि वेळेवर धावणारी लोकल यांचा मराठी प्रायोगिक रंगभूमीवर जेवढा उपकार आहे, तेवढा फार थोड्या अनुदानांचा असेल.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. आविष्कारने हा हॉल आपल्यापुरता ठेवला नाही. इतर संस्थांना तो अगदी कमी खर्चात प्रयोगासाठी खुला केला. त्यामुळे एकाच हॉलात अल्काझींनंतर सत्यदेव दुबे यांनी चालवलेले थिएटर युनिट, पालेकरांची ‘अनिकेत’, डॉ. श्रीराम लागूंची ‘रूपवेध’ आणि पुण्याहून येणारी ‘थिएटर अकॅडमी’ यांचे काम प्रेक्षकाला पाहायला मिळू लागले. मराठीबरोबर हिंदी नाटके झाली. दुबे हे मूळचे बिलासपूरचे, क्रिकेट खेळायला म्हणून मुंबईत आलेले. पण मराठी नटांच्या आणि नाटककारांच्या दोन पिढ्या त्यांच्या तालमीत आणि शिबिरांत तयार झाल्या. बादल सरकारांची बंगाली, कार्नाडांची कन्नड, मोहन राकेश यांची हिंदी नाटके या मंडळींनी आपली मानली. एकमेकांशी स्पर्धा असलेल्या, कित्येकदा एकमेकांची तोंडे न पाहणाऱ्या माणसांना एकाच जिन्याने चढावे लागत होते. दुसऱ्याचे चांगले नाटक पाहून झोप उडाली की माणूस घरी जाऊन आपल्या संहितेचा दुसरा अंक पुन्हा लिहितो. चळवळीतली निकोप ईर्ष्या ही अशी कामाला लावणारी असते आणि त्यासाठी सामायिक जागा लागते. प्रत्येक संस्थेने आपापला किल्ला बांधला असता, तर छबिलदास घडले नसते.

प्रयोगानंतरच्या वेळेलाही या इतिहासात स्थान आहे. छबिलदास गल्लीतला बटाटावडा, कोपऱ्यावरचा चहा आणि स्टेशनापर्यंतची चाल एवढ्या वेळात नाटकाची जी चिरफाड होई, तिला कुठल्याही चर्चासत्राची सर येणार नाही. पुष्पा भावे, माधव मनोहर, ज्ञानेश्वर नाडकर्णी यांच्यासारखे समीक्षक या काळात नाटके पाहत होते आणि मनापासून लिहीत होते. जाणत्या माणसाने आपले काम गांभीर्याने घेतले, मग भले तो कडक बोलला, की करणाऱ्याला आपण काहीतरी महत्त्वाचे करत आहोत याची खात्री पटते. नुसत्या कौतुकाने ती पटत नाही, उपेक्षेने तर मुळीच नाही.

याच सुमारास पुण्यात दुसरे केंद्र आकार घेत होते आणि त्याची घडण वेगळी होती. तिथे पाया घातला होता महाविद्यालयांनी. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. भरत नाट्य मंदिरात महाविद्यालयीन मुले ‘आव्वाज कुणाचा’च्या आरोळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतात आणि पडदा वर गेला की गप्प बसून समोरच्या महाविद्यालयाची एकांकिका पाहतात. ही पद्धत साठ वर्षे टिकली आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, विज्ञान, वाणिज्य अशा सगळ्या शाखांची मुले तिथे येतात. नाटक हा आपला विषय नाही असे त्यांना कुणी सांगितलेले नसते. जब्बार पटेल, मोहन आगाशे हे बी. जे. मेडिकलचे विद्यार्थी, आळेकर त्याच महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचे काम करत.

‘घाशीराम’ हे या पुण्याचे फळ. लेखक मुंबईचे तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, संगीत फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवणाऱ्या भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. कीर्तन, खेळे, लावणी यांचा इतका ताजा वापर मराठी रंगमंचावर त्याआधी क्वचितच झाला होता. निर्मिती होती भालबा केळकरांच्या ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’ची, म्हणजे ‘पीडीए’ची. नानांच्या चित्रणावरून वाद पेटला आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. तेव्हा ही तरुण मंडळी बाहेर पडली, १९७३ च्या मार्चमध्ये त्यांनी ‘थिएटर अकॅडमी’ काढली आणि पुढच्या वर्षी ‘घाशीराम’ पुन्हा उभे केले. १९८० मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावरही गेले. पुन्हा तेच घडले: फूट पडली, पण कामाची साखळी तुटली नाही. आणि ज्या पीडीएने नाटक थांबवले, तिनेच ही मुले तयार केली होती, हेही तितकेच खरे. जुन्या संस्थेने घडवावे आणि नव्या पिढीने तिच्या मर्यादेबाहेर पडावे, हा क्रम स्वाभाविक आहे. जुन्यांनी तो विश्वासघात मानू नये.

मुंबई-पुण्याबाहेरच्या माणसाला या वर्तुळात कसा प्रवेश मिळाला, हे पाहणे उद्बोधक आहे. एलकुंचवार नागपूरचे, इंग्रजीचे प्राध्यापक. ‘सत्यकथा’त छापलेली त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका विजयाबाईंनी वाचली आणि रंगायनने त्यांच्या एकांकिका केल्या. मुंबईतल्या एका मासिकाचे संपादक नागपूरच्या अनोळखी तरुणाचे हस्तलिखित वाचतात, मुंबईतली दिग्दर्शिका ते मासिक वाचते आणि लेखकाचा शोध घेते. या साखळीतली एक कडी निखळली असती तर ‘वाडा चिरेबंदी’पर्यंतचा प्रवास कसा झाला असता, सांगता येत नाही. पुढे औरंगाबादेत ‘जिगीषा’ उभी राहिली आणि चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी तिथून मुंबईला आले. १९९४ मध्ये आविष्कारने एलकुंचवारांची वाडा-त्रिनाट्यधारा केली, तेव्हा लेखक विदर्भातला, दिग्दर्शक मराठवाड्यातला आणि संस्था मुंबईची होती. केंद्राचे दार उघडे राहिले तर केंद्रही श्रीमंत होते, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगणार?

पण ते दार सगळ्यांना सारखे उघडे नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. या वर्तुळात शहरी, शिकलेला, बहुतांशी उच्चवर्णीय मध्यमवर्ग होता. स्त्रिया दिग्दर्शक आणि अभिनेत्री म्हणून अग्रभागी होत्या, पण नाटककार म्हणून फारच थोड्या. दादरपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या गिरणगावात कामगार रंगभूमी होती. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांच्या लालबावटा कलापथकाने तिथे हजारोंचा प्रेक्षक उभा केला होता. प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका सत्तरच्या दशकातच गावोगाव पोचली. दत्ता भगत नांदेडमधून लिहीत होते. दलित रंगभूमीला आपला प्रेक्षक आणि आपल्या जागा स्वतः शोधाव्या लागल्या, कारण आधीच्या वर्तुळात तिच्यासाठी पुरेशी जागा नव्हती. परिचितांच्या गोतावळ्यातून चळवळ जन्मते, त्यामुळे तिला परिचितांपुरतेच राहण्याची सवय लागते. जी चळवळ ही सवय मोडण्याचा प्रयत्न करत नाही, ती आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवर जगू लागते. मदत करणाऱ्यांनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा: या खोलीत आज कोण नाही, आणि का?

मग मदत कशी करावी? या इतिहासातून जे हाती लागते, ते थोडक्यात मांडता येईल.

जागा द्यावी आणि ती ठरलेल्या वारी द्यावी. भव्य सभागृह बांधून त्याचे भाडे नवख्यांच्या आवाक्याबाहेर नेण्यापेक्षा शाळेचा हॉल महिन्यातल्या एका ठरलेल्या संध्याकाळी मोकळा ठेवणे जास्त उपयोगाचे आहे. छबिलदासनंतर आविष्कार माहीमच्या महापालिका शाळेत गेली आणि तिथेही तालमी, शिबिरे, प्रयोग चालू राहिले. पुण्यात महाराष्ट्र कल्चरल सेंटरच्या सुदर्शन रंगमंचाने शनिवार पेठेत हेच काम केले. ‘आसक्त’सारख्या संस्थांच्या पिढीला अशाच छोट्या रंगमंचांनी बळ दिले. शाळा आणि त्यांचे हॉल महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. अडचण असते ती किल्ली कुणाकडे आहे आणि ती देण्याची त्याची इच्छा आहे का, एवढीच.

कच्चा मसुदा ऐकून घेण्याची सोय करावी. १९८५ ते १९९४ या काळात थिएटर अकॅडमीने फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने नव्या नाटककारांसाठी आणि ठिकठिकाणच्या नाट्यसंस्थांसाठी योजना राबवल्या. आळेकरांनी त्यांचे संयोजन केले. पूर्ण झालेल्या नाटकाला पारितोषिक देणे सोपे असते. अर्धवट, लडखडत्या नाटकासमोर बसून ‘दुसऱ्या प्रवेशात हा माणूस गप्प का?’ असे विचारणे कष्टाचे असते, आणि लेखक घडतो तो तिथे.

मुलांना लवकर सामील करावे. आविष्कारच्या ‘चंद्रशाला’ या बालविभागाने १९८२ मध्ये ‘दुर्गा झाली गौरी’ आणले आणि मुंबईतल्या मुलांच्या पिढ्या त्यात नाचल्या, गायल्या. त्यांतली सगळी कलावंत झाली नाहीत, आणि तशी अपेक्षाही नव्हती. जे झाले नाहीत, ते पुढे चांगले प्रेक्षक झाले. चळवळीला करणाऱ्यांइतकीच पाहणाऱ्यांची गरज असते.

मदत थोडी असावी, वारंवार असावी आणि तिच्यासोबत फार अटी नसाव्यात. एका महोत्सवावर वर्षाचा सगळा निधी उधळला की चार दिवस गर्दी होते आणि उरलेले वर्ष सुनसान जाते. तेवढ्याच पैशात बारा महिने तालमीची जागा मिळू शकते. पहिल्या वर्षी ‘यातून काय निघाले?’ असे विचारणाऱ्या दात्याने मदत न केलेलीच बरी. १९६० मध्ये लावलेल्या रोपाला ‘शांतता!’ यायला सात वर्षे लागली.

आणि शेवटचे, ज्यासाठी ही प्रस्तावना लिहावीशी वाटली ते: सांभाळणारी माणसे सांभाळावीत. अरविंद देशपांडे १९८७ मध्ये गेले. आविष्कार चालू राहिली, कारण अरुण काकडे होते. नाटकवाल्यांचे काकडेकाका. हॉलाची तारीख ठरवणे, परवानगी मिळवणे, जमाखर्च लिहिणे, नव्या मुलांच्या गटाला ‘करा तुम्ही, बघू आपण’ म्हणणे, अरविंद देशपांडे स्मृती महोत्सव वर्षानुवर्षे भरवणे ही कामे त्यांनी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत केली. २०१४ मध्ये पंढरपूरच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा रंगमंचाच्या मागे आयुष्य काढलेल्या माणसाचा तो रास्त गौरव होता. पण असे काकडे प्रत्येक गावात आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटच्या ओळीतही नसतात. आपण नाटककाराला मानपत्र देतो, नटाला टाळ्या देतो. ज्याच्या खिशात हॉलाची किल्ली असते, ज्याला कुणाला कुणाशी भेटवावे हे कळते, जो भांडलेल्या दोघांना पुन्हा एका टेबलाशी बसवतो, त्याला आपण ‘व्यवस्थापक’ म्हणून बाजूला करतो. तो थकला की चार वर्षांत सगळे विसकटते आणि मग आपण ‘आता पूर्वीसारखे राहिले नाही’ असे म्हणत बसतो. प्रतिभा घडवणे आपल्या हातात नाही. प्रतिभेला भेटीची जागा देणाऱ्या माणसाला पगार, मदतनीस आणि मान देणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

आज नाटक करू पाहणाऱ्यांची संख्या कमी झालेली नाही. एकांकिका स्पर्धांना गर्दी आहे, जिल्ह्याजिल्ह्यांतून मुले येत आहेत. स्पर्धा संपल्यानंतर ती कुठे जातात, हा खरा प्रश्न आहे. तालमीच्या जागांची भाडी वाढली, शहरातली अंतरे वाढली, संध्याकाळी ठरल्या वेळी सुटणाऱ्या नोकऱ्या दुर्मीळ झाल्या. करंडक घेऊन घरी गेलेल्या गटाला पुढच्या महिन्यात उभे राहायला जागा नसेल, तर त्या करंडकाचा उपयोग शोकेसपुरताच.

म्हणून या विषयाकडे वळणाऱ्या वाचकाला एकच विनंती आहे. आपण शाळेच्या विश्वस्त मंडळावर असाल, वाचनालयाच्या समितीवर असाल, गृहनिर्माण संस्थेचे पदाधिकारी असाल, तर आपल्या ताब्यातला हॉल महिन्यातली एक संध्याकाळ नाटक करणाऱ्या मुलांना द्या. दर महिन्याला तोच वार द्या आणि तीन वर्षे हिशेब मागू नका. हातात हॉल नसेल तर ज्यांचे नाव कधी ऐकले नाही अशा गटाच्या प्रयोगाचे तिकीट काढा, प्रयोग संपल्यावर थांबा आणि जे वाटले ते त्यांना तोंडावर, नीट सांगा. छबिलदास अशाच माणसांनी उभे केले होते. दुसरे छबिलदास उभे राहायचे असेल तर तेही अशाच माणसांकडून राहील.